अक्कांची चार तासांची गोळी

रात्रीचे अडीच वाजले असतील. पाणी प्यायला म्हणून उठले, तर आतल्या खोलीतून घशात अडकल्यासारखा दबका आवाज आला. दिवा लावला. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तोंडात पदराचा बोळा धरलेला. मला बघून त्यांनी तो घाईघाईनं काढला आणि म्हणाल्या, ''काही नाही गं, जरा पाठ दुखतेय. तू झोप जा. सकाळी डबे आहेत तुला.''

त्यांचं ते 'जरा' आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते. कारण अक्कांची चार तासांची गोळी आम्हीच बंद केली होती. डॉक्टरांना न विचारता. आणि तीही त्यांच्याच भल्यासाठी!

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला. २०१९ मध्ये त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, केस जाणं, परत येणं हे सगळं त्यांनी असं पार पाडलं, की जणू घराला रंग काढायचाय. पण २०२२ च्या पावसाळ्यात त्यांची पाठ धरली. महिनाभर त्या बाम चोळत राहिल्या. ''वय झालं आता, दुखायचंच,'' म्हणाल्या. शेवटी ह्यांनी बळेच नेऊन स्कॅन काढला, तेव्हा कळलं, आजार मणक्याच्या हाडांत उतरला होता. मग आम्ही त्यांना सांगलीला आमच्याकडेच घेऊन आलो.

रेडिएशन झालं, गोळ्या चालू झाल्या, दुखणं थोडं कमी झालं. पण जे उरलं ते साध्या पेनकिलरला दाद देईना. कूस बदलायची तरी कपाळावर घाम यायचा. तेव्हा हॉस्पिटलमधल्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, आणि रात्री मध्येच उठवावं लागू नये म्हणून झोपताना दोन. पहिले दोन दिवस अक्का पेंगत होत्या, थोडं मळमळलं. तिसऱ्या रात्री सलग झोपल्या. चौथ्या दिवशी खुर्ची स्वयंपाकघरात ओढायला लावून म्हणाल्या, ''आण ती कोथिंबीर इकडे. तुझं निवडणं म्हणजे निम्मी काडी भाजीत!''

तीन आठवडे असे छान गेले. आणि एका रविवारी भाच्याचा फोन आला.

''मामी, बंद कर ते!''

''मामी, आईला मॉर्फिन देताय? तुला माहितेय का, त्यानं नवीन रक्तवाहिन्या फुटतात. ट्यूमरला जास्त रक्त मिळतं. कॅन्सर वाढतो! इथल्या युनिव्हर्सिटीचं संशोधन आहे, साधंसुधं नाही. आणि इथे तर लोक असल्या गोळ्यांच्या व्यसनानं मरतायत. बंद कर ते.''

पाठोपाठ मोबाइलवर त्यानं इंग्रजी मजकूर पाठवला. मी आर्ट्सची पदवीधर. दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही. त्यातलं मला एवढंच कळलं, की लिहिणारे मोठे शास्त्रज्ञ आहेत आणि 'ब्रेस्ट ट्यूमर' हा शब्द त्यात आहे. ह्यांना दाखवलं, तेही गप्प झाले. आपल्या हातानं आपण अक्कांचा कॅन्सर वाढवतोय की काय, हा विचार एकदा मनात शिरल्यावर गोळी पुढं करायला हात धजेना. अक्कांना आम्ही सांगितलं, ''डॉक्टरांनी जरा थांबायला सांगितलंय.'' खोटं सांगितलं. आणि त्याऐवजी घरातली तापाची गोळी दिली.

एक गोष्ट मुद्दाम कबूल करते. गेली बारा वर्षं मी आमच्या महिला मंडळातर्फे आजारी माणसांच्या घरी जाते. कुणाला जेवण पोचव, कुणाच्या मुलांचा अभ्यास घे, कुणाबरोबर नुसतीच बसून राहा. लोकांना मी सांगते, ''डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.'' आणि माझ्याच घरात मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी अक्कांना घाम फुटायला लागला. नाक गळायला लागलं, पोट बिघडलं, एका जागी चैन पडेना. मी मनात म्हटलं, बघ, भाचा म्हणत होता तेच. व्यसन लागलंय! चार रात्री त्यांनी अशा काढल्या. चौथ्या रात्री तो पदराचा बोळा मी पाहिला.

सकाळी हॉस्पिटलच्या सिस्टर नेहमीप्रमाणे घरी आल्या. मॉर्फिनची गोळी न् गोळी त्या मोजतात. पाकीट मोजून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ''काकू, ह्या इतक्या गोळ्या उरल्या कशा?''

मला रडूच कोसळलं.

रक्तवाहिन्यांची गोष्ट

डॉक्टर रागावले नाहीत. आधी त्यांनी गोळी पुन्हा सुरू करून दिली. मग म्हणाले, ''तुमचा भाचा खोटं बोलला नाहीये. पण त्यानं पहिलं पान वाचलंय. पुस्तक अजून पुढं आहे.''

पुढच्या दोन-तीन भेटींत त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचत गेले, ते माझ्यासारख्या मैत्रिणींसाठी सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

मोठ्या माणसाच्या शरीरात नवीन रक्तवाहिन्या सहसा उगाच तयार होत नाहीत. जखम भरून येताना होतात. आणि दुसरं ठिकाण आपण बायकांना चांगलं माहितीचं आहे! दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर नव्यानं तयार होतं, तेव्हा त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात. दिवस गेले की वार तयार होते, तीही अशाच नव्या वाहिन्यांच्या जाळ्यावर. म्हणजे ही मुळात शरीराची चांगली सोय आहे.

कॅन्सरची गाठ हीच सोय चोरून वापरते. डॉक्टरांनी आमच्याकडच्या गुंठेवारीचं उदाहरण दिलं. शेतात दोन-चार घरं असतात तोवर बायका शेजारच्या विहिरीवरून पाणी आणतात. पण वस्ती वाढली की त्यावर भागत नाही, स्वतःची पाइपलाइन लागते. गाठीचंही तसंच. मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंत ती आजूबाजूच्या रक्तावर भागवते. त्यापुढे वाढायचं तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात. मग ती 'इकडे या' असा निरोप देणारी द्रव्यं सोडते. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं व्हीईजीएफ नावाचं. तो निरोप मिळाला की जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी जागच्या हलतात, वाढतात आणि गाठीच्या दिशेनं नवी नळी फुटते.

ही कल्पना १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी मांडली. गाठीचं पाणी तोडलं तर गाठ वाढणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बरीच वर्षं त्यांना कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण २००४ मध्ये व्हीईजीएफला अडवणारं पहिलं औषध, बेव्हॅसिझुमॅब, अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. फोकमन २००८ मध्ये गेले. आपली कल्पना औषधाच्या रूपात आलेली त्यांना बघायला मिळाली.

आता यात मॉर्फिन कुठून आलं?

मॉर्फिन मेंदूत आणि मज्जारज्जूत जाऊन काम करतं. तिथल्या पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलपं असतात. त्यातल्या एका महत्त्वाच्या कुलपाला म्यू रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिनची किल्ली त्यात बसली की दुखण्याचा निरोप पुढं जाणं कमी होतं. पण हीच कुलपं रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवरही सापडली. मग तिथं ही किल्ली फिरली तर काय होतं?

२००२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि पेशंटला देतात त्या प्रमाणात मॉर्फिन दिलं. पेशी जोमानं वाढल्या, नळ्या तयार झाल्या. मग स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांना मॉर्फिन दिलं. त्यांच्या गाठींत रक्तवाहिन्या जास्त झाल्या आणि गाठी मोठ्या झाल्या.

भाच्यानं वाचलं होतं ते हे. म्हणजे त्यानं उगाच घाबरवलं नव्हतं.

पुढची पानं

पण गंमत बघा. २०१० मध्ये त्याच मिनेसोटा विद्यापीठातल्या दुसऱ्या गटानं फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांना बरेच दिवस मॉर्फिन दिलं. आणि निघालं नेमकं उलटं! रक्तवाहिन्या कमी झाल्या, गाठींची वाढ मंदावली. एकच औषध, एकच विद्यापीठ, आणि उत्तरं दोन.

जखमांचंही तसंच. २००५ मध्ये, रक्तपुरवठा कमी असलेल्या उंदरांच्या जखमांवर मॉर्फिनच्या कुळातली औषधं वरून लावली, तर नव्या रक्तवाहिन्या आल्या आणि जखमा लवकर भरल्या. २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांना सतत मॉर्फिन दिलं, तर जखमा भरायला उशीर लागला. औषध कुठं लागतंय, किती, किती दिवस, गाठ कसली, या सगळ्यावर उत्तर बदलतं.

आणि मला सगळ्यात चटका लावून गेला तो १९९३ चा एक प्रयोग. उंदरांचं ऑपरेशन केलं. दुखण्यावर काहीच न दिलेल्या उंदरांत कॅन्सरच्या पेशी फुप्फुसात जास्त रुजल्या. मॉर्फिन देऊन दुखणं कमी केलेल्या उंदरांत त्या कमी रुजल्या. म्हणजे दुखणं हे काही नुसतं 'सहन करायचं' नसतं. ते अंगात आपलं काम करत असतं. आम्ही कॅन्सर वाढू नये म्हणून गोळी बंद केली आणि त्या चार रात्री अक्कांचं अंग कशाशी झुंजत होतं, याचा विचारच केला नाही.

''पण डॉक्टर, उंदरांचं राहू दे. बायकांचं काय?'' मी विचारलं.

त्यांनी दोन अभ्यास सांगितले. पहिला डेन्मार्कमधला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं प्रत्येक पेशंटची आणि प्रत्येक औषधाच्या चिठ्ठीची सरकारदरबारी नोंद असते. त्यावरून स्तनाचा कॅन्सर वेळीच सापडलेल्या ३४ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली. मॉर्फिनच्या कुळातली औषधं घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांमध्ये कॅन्सर परत येण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही.

दुसरा त्याहून पक्का. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये आला. आठ देशांतल्या १३ हॉस्पिटलांत स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होणाऱ्या २,१०८ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाठीच्या कण्याजवळ बधिर करण्याचं इंजेक्शन, म्हणजे मॉर्फिनच्या कुळातली औषधं कमी लागावीत. दुसऱ्या गटाला नेहमीची वासाची भूल आणि दुखण्यावर त्याच कुळातली औषधं. साधारण तीन वर्षांनी पाहिलं, तर पहिल्या गटातल्या १०२ जणींचा आणि दुसऱ्यातल्या १११ जणींचा आजार परतला होता. दोन्हीकडे शंभरात दहा!

रक्तवाहिन्या तोडणाऱ्या त्या औषधाचीही पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बेव्हॅसिझुमॅबला २००८ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठीही तात्पुरती मान्यता मिळाली होती. पण त्यानं स्त्रियांचं आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून २०११ मध्ये ती काढून घेतली. इतर काही कॅन्सरमध्ये ते आजही देतात. म्हणजे जे औषध रक्तवाहिन्या अडवायलाच बनवलं, त्याचासुद्धा हिशेब प्रत्यक्ष बाईच्या शरीरात इतका सरळ निघाला नाही. मग उंदराच्या गाठीत चार वाहिन्या वाढल्या, म्हणून अक्कांची गोळी काढून घेणारे आम्ही कोण?

शास्त्रज्ञांनी तो प्रश्न टाकून दिलेला नाही, हेही सांगायला हवं. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी मिथाइलनाल्ट्रेक्सोन नावाच्या औषधावर काम केलं. मॉर्फिनसारख्या औषधांनी होणाऱ्या बद्धकोष्ठावर ते २००८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही. त्यामुळे मॉर्फिनचं दुखणं थांबवण्याचं काम चालूच राहतं आणि बाकी शरीरातली कुलपं तेवढी अडवली जातात. प्रयोगशाळेत त्यानं मॉर्फिनमुळे होणारी रक्तवाहिन्यांची वाढही रोखली. कॅन्सरवरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही. पण शोध कुठल्या दिशेनं चाललाय ते यावरून कळतं. शास्त्रज्ञसुद्धा दुखणं थांबवणं चालूच ठेवून बाकीचा मार्ग शोधतायत. 'मॉर्फिन बंद करा' असं त्यांच्यापैकी कुणी पेशंटला सांगितलेलं नाही.

व्यसन आणि सवय

''आणि ते घाम, नाक गळणं? ते व्यसनच ना?'' मी विचारलं.

''नाही,'' डॉक्टर म्हणाले. ''बरेच दिवस मॉर्फिन घेतलं की शरीराला त्याची सवय होते. एकदम तोडलं की शरीर असं बंड करतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यासुद्धा एकदम थांबवता येत नाहीत. व्यसन म्हणजे दुखत नसताना नशेसाठी मागणं, नुकसान होतंय हे दिसत असूनही घेत राहणं. अक्कांनी कधी वेळेआधी गोळी मागितली?''

मागितली नव्हती. उलट, वेळ झाली तरी ''राहू दे गं, आत्ता बरं आहे,'' म्हणायच्या.

भाच्याची भीतीही हवेतून आलेली नव्हती. अमेरिकेत १९९० नंतरच्या काळात अशा गोळ्या साध्या कंबरदुखीलाही सढळ हातानं दिल्या गेल्या. घराघरांत व्यसन शिरलं, माणसं गेली. २०१७ मध्ये तिथल्या सरकारला आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. तो रोज हेच ऐकत होता. त्या देशात गोळ्या जास्त झाल्या म्हणून माणसं मेली. आपल्याकडे मात्र गोळ्या मिळतच नाहीत म्हणून माणसं तळमळत गेली. हा फरक त्याच्या लक्षात आला नव्हता. माझ्याही नव्हता.

बघा ना, अफू आपल्याच देशात पिकते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं तिची शेती होते. गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने आहेत. आपण ती परदेशांना औषधांसाठी विकतो. पण १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. दहा-दहा वर्षांच्या तुरुंगवासाच्या धाकानं औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. हॉस्पिटललाही परवान्यांसाठी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरावं लागे. १९९७ मध्ये तर एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात अवघं १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं!

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणांनी यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसारखी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. मान्यताप्राप्त हॉस्पिटलला ती एकाच परवान्यावर ठेवता येऊ लागली. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. टाटा हॉस्पिटलमध्येही वेदनेवरच्या उपचारांचा वेगळा विभाग आहे. तरी आजही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ही गोळी मिळत नाही. लांबून येणाऱ्या बाईला बस बदलून बदलून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत यावं लागतं. इतक्या खटपटीनं घरात आलेली गोळी आम्ही कपाटात ठेवून दिली होती.

आपण काय करायचं?

आमच्या मंडळातल्या सगळ्याजणी आता घरी जाताना काही गोष्टी आवर्जून सांगतात. तुम्हालाही सांगते.

मॉर्फिनची गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची असते. 'फारच दुखलं तर देऊ' असं करायचं नाही. दुखणं एकदा डोक्यावर चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, कारण ह्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं आणि ते आपोआप जात नाही. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. पेशंट हाक मारून उठत नसेल, श्वास फार मंद वाटत असेल तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगायचं, कारण डोस बदलावा लागतो. आपल्या मनानं ना डोस वाढवायचा, ना कमी करायचा, ना एकदम बंद करायचा. गोळ्या कुलपात ठेवायच्या, दुसऱ्या कुणाच्याही दुखण्याला द्यायच्या नाहीत. उरल्या तर हॉस्पिटलला परत करायच्या.

आणि असा एखादा मजकूर मोबाइलवर आला, तर घाबरून निर्णय घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. हे उंदरावर पाहिलंय की माणसावर? आमच्या पेशंटसारख्या पेशंटवर पाहिलंय का? आणि औषध बंद केलं तर पेशंटचं काय होईल? मजकूर डॉक्टरांकडे घेऊन जायला लाजायचं नाही. मी गेले असते, तर अक्कांच्या चार रात्री वाचल्या असत्या.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. आपण बायका दुखणं लपवण्यात पटाईत असतो. पाळी आली तरी तोंड मिटून काम, बाळंतपणात ओरडलं तर नावं ठेवणार, कंबर मोडली तरी ''काही नाही, होईल बरं.'' सोसणारी बाई म्हणजे चांगली बाई, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. अक्कांनी पदराचा बोळा तोंडात धरला, तो कुणी त्यांना सांगितलं म्हणून नव्हे. आम्हाला झोप लागावी म्हणून. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विचारतात, ''शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?'' तेव्हा आठ असलं तरी आपण चार सांगतो. डॉक्टर चारचं औषध देतात. मैत्रिणींनो, तिथं तरी खरं सांगा. आणि घरातल्या बाईला विचारताना ''बरं आहे ना?'' असं विचारू नका. त्याचं उत्तर ती 'हो'च देणार. ''कुठं दुखतंय? रात्री किती वेळा जाग आली?'' असं विचारा.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर दोन दिवसांत अक्का सावरल्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''मला विचारायचं होतंत गं. शरीर माझं होतं.''

एवढंच. पण तेवढं पुरलं.

त्या वर्षीची दिवाळी त्यांनी खुर्चीत बसून केली. चकलीचं पीठ कुणी भिजवायचं, मोहन किती घालायचं, सगळे हुकूम तिथूनच. भाचा डिसेंबरात आला, महिनाभर आईजवळ राहिला. घड्याळ लावून गोळ्या तोच द्यायचा. संक्रांतीनंतर आठवड्यानं अक्का गेल्या. झोपेत, शांतपणे.

जायच्या आदल्या दिवशी भाच्यानं मला बाहेर बोलावलं. म्हणाला, ''मामी, त्या चार रात्री... आईनं मला कधी बोलून दाखवलं नाही. तिला खूप त्रास झाला होता का गं?''

काय सांगणार होते? खोटं सांगावंसं वाटलं. पण एकदा खोटं सांगून काय झालं ते मी पाहिलं होतं.

''झाला,'' मी म्हटलं. ''पण त्या चारच रात्री होत्या. पुढच्या सगळ्या रात्री ती झोपली.''

तो ओट्यावर बसून राहिला. मी आत जाऊन घड्याळ पाहिलं. सहा वाजायला आले होते. अक्कांच्या गोळीची वेळ झाली होती.